नदीतल्या पाकटांचा संसार



पाकट म्हटले की आपल्याला कोकणचा समुद्र आठवतो. चटईसारखे चपटे अंग, चाबकासारखी शेपटी आणि तिच्यावरचा विषारी काटा. परंतु दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन, ओरिनोको आणि पाराना या नद्यांत पाकटांचे असे एक कुळ आहे की, ज्याने समुद्राशी असलेले नाते कायमचे तोडले. १९६७ साली थॉर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, समुद्रातील पाकटांच्या रक्तात भरपूर असणारा युरिया या नदीवासीयांच्या रक्तात अगदी थोडा असतो. खारे पाणी सुटले. समागमाची रीत मात्र पूर्वजांचीच राहिली.

बहुतेक मासे अंडी पाण्यात सोडून मोकळे होतात. पाकटांचे तसे नाही. नर मादीच्या शरीरातच रेत सोडतो. पण तिला धरायला हात कुठले? म्हणून तो तिच्या अंगाची कड दातांत पकडतो. थॉर्नबॅक नावाच्या सागरी जातीत नराचे दात टोकदार व मादीचे सपाट असतात, हे डार्विनने १८७१ च्या आपल्या ग्रंथात नोंदले आहे. नदीतील माद्यांच्या अंगावरही या चाव्यांचे वण दिसतात.

यावरून कोणी म्हणेल, हे तर बळाचे राज्य! आम्हांला तसे वाटत नाही. मादी बहुधा नराहून मोठी असते. झटका देऊन ती त्याला सोडवू शकते. मग नरांमध्ये चुरस का? गर्भाशयातील दुधासारख्या रसावर ती पिल्ले कित्येक महिने पोसते, आणि तीही थोडीच. नर लवकर मोकळा होतो, ती होत नाही. त्यामुळे नर पुष्कळ, आणि समागमाला सिद्ध माद्या थोड्या. दुर्मिळ वस्तू म्हणजे मादीचे ते महिने होत.

हा हिशेब माणसाने विसरू नये. झिंगू नदीतील काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेले पाकट शोभेसाठी जगभर विकले जाते. २०२२ साली त्याच्यासह सात जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचे बंधन घालण्याचे ठरले. ते योग्यच झाले. एक गाभण मादी पकडली की नदीतून एक मासा जातो, असे नव्हे; एक पिढी जाते.