दादा केळूसकरांनी दिलेले पुस्तक

(बिडकीन येथे शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



बिडकीनपासून तासाभराच्या अंतरावरील शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय काढले. त्यास त्यांनी मिलिंद हे नाव दिले. मिलिंद म्हणजे भिक्षू नागसेनाला प्रश्नांमागून प्रश्न विचारणारा ग्रीक राजा. बाबासाहेबांची ही प्रश्नांची व ग्रंथांची ओढ त्यांच्या वडिलांच्या घरी सुरू झाली.

सुभेदार रामजी सकपाळ मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. हे कशासाठी, असे लहानग्या भीमरावाने एकदा विचारले. अस्पृश्य म्हणून मनात न्यूनगंड येऊ नये, सामान्य माणसे किती उंच गेली ते कळावे, असे वडिलांचे उत्तर होते. मुलाचे समाधान झाले नाही. पण प्रश्न विचारला म्हणून वाचन थांबले नाही, आणि वाचायला लावले म्हणून प्रश्नही थांबला नाही.

रामजींना पेन्शनच्या तुटपुंज्या रकमेत संसार चालवावा लागे. मुलाने पुस्तक मागितले की ते विवाहित मुलीकडे जात, तिचा दागिना घेऊन गहाण ठेवीत व पेन्शन हाती आली की सोडवून आणीत. ग्रंथप्रेमाची थोरवी आपण वारंवार गातो. त्या प्रेमाचा खर्च कोणी सोसला, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

शाळा सुटल्यावर हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसे. तेथे कृष्णराव अर्जुन केळूसकर या शिक्षकांचे त्याच्याकडे लक्ष गेले. पुढे तो परीक्षा उत्तीर्ण झाला, तेव्हा लोकांनी सत्कार योजिला. चरित्रकारांच्या मते ही 1907 ची मॅट्रिक. बाबासाहेबांनी स्वतः मात्र इंग्रजी चौथीचा उल्लेख केला आहे. सत्काराने मुलाच्या डोक्यात हवा जाईल, म्हणून रामजींनी साफ नकार दिला. केळूसकरांनी त्यांचे मन वळविले आणि सभेत स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र मुलाच्या हाती ठेविले.

पुढील वाचनाची कथा सर्वश्रुत आहे. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी सुमारे 2000 जुने ग्रंथ जमविले. त्यांतील बरेच पुन्हा त्यांच्या हाती आलेच नाहीत. लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात त्यांनी दिवसचे दिवस काढले. दादरचे राजगृह तर ग्रंथांसाठीच बांधले.

आता आपल्या गावांकडे पाहावे. शेतमजुराच्या मुलीला दागिना गहाण ठेवणारे रामजी मिळतीलच असे नाही. म्हणूनच ग्रामपंचायत अधिनियमाने ग्रंथालये व वाचनालये पंचायतीच्या कार्यांत घातली आणि 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने अनुदानाची सोय केली. तरीही अनेक शाळांतील कपाटे कुलूपबंद असतात. यात शिक्षकाचा आळस असतोच असे नव्हे. पुस्तक हरवले तर साठा नोंदवहीत कमी दिसते, तपासणीत विचारणा होते, प्रसंगी भरपाईही करावी लागते. त्यापेक्षा कुलूप सुरक्षित वाटते. तपासणी अधिकाऱ्यांनी कपाटात किती पुस्तके आहेत याबरोबरच किती घरी गेली व किती वाचून झिजली, हेही विचारावे. मुलांच्या हाताळण्याने फाटलेले पुस्तक निर्लेखित करण्यास पंचायतीने व शाळा व्यवस्थापन समितीने कचरू नये. नव्या कपाटापेक्षा या एका गोष्टीने अधिक काम होईल.

केळूसकरांच्या त्या पुस्तकाची नोंद कोणत्याही वहीत झाली नव्हती. ते वाचून मुलाने वडिलांना विचारले, की बौद्ध वाङ्मय आम्हांला का दिले नाही? जवळजवळ अर्धशतकानंतर, 1956 मध्ये, ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी हा सारा प्रसंग लिहिला. 5 डिसेंबरच्या रात्री, दिल्लीतील निवासस्थानी, ते या ग्रंथाचेच काम करीत होते. सकाळी ते उठले नाहीत. ग्रंथ 1957 मध्ये प्रसिद्ध झाला.