पुढारी आणि कामगार



कामगार चळवळीचा खरा मित्र कोण, असे कोणी विचारल्यास आम्ही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे बोट दाखवू. मुंबईच्या गिरण्यांत धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे. त्या विटाळापायी अस्पृश्य कामगारास विणाईच्या खात्यात मज्जाव होता. अधिक मजुरी तेथेच! आणि हा विटाळ मानणारे मालक नव्हेत, सोबतचे कामगारच होते. १९२८ च्या संपाच्या वेळी ही बंदी उठविण्याचा आग्रह बाबासाहेबांनी धरला. तो पुष्कळांस झोंबला.

परंतु १९३८ साली औद्योगिक कलह विधेयकाने संपाच्या हक्कावरच घाला येताच, तेच बाबासाहेब कॉम्रेड डांगे यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. ७ नोव्हेंबरला एक दिवसाचा संप झाला. विधेयक तरीही संमत झाले. बाबासाहेबांची वाट मात्र बदलली नाही. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखाते हाती येताच, कामगार संघांस मालकांची मान्यता सक्तीची करणारे विधेयक १९४३ साली त्यांनीच मांडले.

टाळ्या मिळविणारे पुढारी उदंड आहेत. चळवळीचा दोष तिच्या तोंडावर सांगून संकटात तिच्याच पंक्तीस बसणारा विरळा. त्याचे कडू बोल ऐकण्याची आमची तयारी आहे काय?