अठरा तासांमागची माणसे

(विद्यार्थी दिवसानिमित्त बलद, जेद्दा येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीच्या वर्गात भिवा नावाचा एक मुलगा दाखल झाला. महाराष्ट्रात 2017 पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. अशा दिवशी वक्त्याने बाबासाहेबांच्या अठरा तासांच्या अभ्यासाचा दाखला द्यावा, पालकांनी टाळ्या वाजवाव्यात आणि मुलांनी माना खाली घालाव्यात, अशी आपल्याकडे जणू प्रथाच पडली आहे. मीही तो दाखला अनेकदा दिला आहे. आज मात्र मी आपणांसमोर एक कबुली देण्यासाठी उभा आहे.

माझा मुलगा दहावीत असताना एका चाचणीत त्याला शंभरापैकी बहात्तर गुण मिळाले. मी म्हणालो, "बाबासाहेब एका खोलीत राहून शिकले. तुला स्वतंत्र खोली आहे, गार हवा आहे, पुस्तके आहेत. तुला काय कमी आहे?" तो काही बोलला नाही. त्या वर्षी त्याचे पोट वारंवार दुखू लागले. मी डॉक्टर. त्याचे पोट तपासले, रक्त-लघवी तपासली, सोनोग्राफी केली, औषधे दिली. सर्व अहवाल निर्दोष आले, दुखणे मात्र थांबेना. शेवटी बालरोगतज्ज्ञ असलेल्या एका सहकाऱ्याने मला विचारले, "घरी तुम्ही त्याच्याशी कशाविषयी बोलता?" मी आठवू लागलो. अभ्यासाखेरीज दुसरा विषय मला आठवेना. त्या रात्री मी मुलाजवळ बसलो. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "पप्पा, बाबासाहेबांचे नाव निघाले की मला भीती वाटते."

बंधू-भगिनींनो, ज्या नावाने आपल्या पिढ्यांची भीती घालवली, त्या नावाचीच भीती मी माझ्या घरात निर्माण केली होती. ज्या चरित्राने आपल्या हातातील बेड्या तोडल्या, त्याची मी छडी केली होती.

भीती आणि विद्या एकत्र नांदत नाहीत, हे वैद्यकशास्त्रही सांगते. मूल भेदरलेले असते तेव्हा शरीरात ताणाची संप्रेरके वाढतात. विचार करणे, लक्ष एकाग्र करणे आणि नुकतेच वाचलेले मनात धरून ठेवणे ही कामे मेंदूचा पुढचा भाग करतो. तीव्र ताणात नेमकी हीच कामे मंदावतात. पाठ केलेले उत्तर परीक्षेत आठवत नाही, ते पुष्कळदा यामुळे. मेंदू आणि आतडी यांचे मज्जातंतूंचे नाते जवळचे असल्यामुळे मनातील ताण पोटदुखी होऊन बोलतो. ती पोटदुखी खरी असते, ते ढोंग नव्हे. शिवाय तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते. अठरा तासांचा हिशेब त्यांच्यावर लादणाऱ्या पालकाने ही बेरीज अवश्य करून पाहावी.

मग बाबासाहेबांचे अठरा तास खोटे होते काय? मुळीच नाही. पण आपण तास सांगतो आणि त्या तासांमागची माणसे सांगत नाही.

परळच्या चाळीतील त्या एका खोलीत सुभेदार रामजी मुलाला लवकर झोपवीत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत आणि मग त्याला अभ्यासासाठी उठवीत. मुलाच्या पुस्तकांसाठी त्यांनी आपल्या विवाहित मुलींकडून उसने पैसे आणले. मुलाला जागे राहा म्हणणारा हा बाप आधी स्वतः जागत होता.

साताऱ्याच्या शाळेत भिवाला बसण्यासाठी घरून गोणपाट न्यावे लागे. तहान लागली तर नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने पाणी दिले तरच पाणी, शिपाई नसेल तर तहान. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्याच साताऱ्यात आंबेडकर आडनावाचे एक शिक्षक मधल्या सुट्टीत आपल्या डब्यातील भाजी-भाकरी या मुलाला देत असत. बाबासाहेब गोलमेज परिषदेला निघाले तेव्हा या शिक्षकांचे प्रेमळ पत्र आले आणि ते त्यांनी जपून ठेवले. पुढे मुंबईत बागेत वाचत बसणाऱ्या या विद्यार्थ्याला कृष्णाजी अर्जुन केळुस्करांनी हेरले, वाचायला पुस्तके दिली आणि मॅट्रिक झाल्यावर सत्कारसभेत स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. बुद्धिमत्ता भिवाची होती, कष्ट भिवाचेच होते. परंतु 'तू माणूस आहेस' असे आपल्या वागण्यातून सांगणारी माणसे त्याला भेटली, हेही तितकेच खरे आहे.

शिक्षणाच्या मानवतावादी दृष्टिकोनाचा गाभा हाच आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी 1969 साली 'फ्रीडम टू लर्न' या ग्रंथात तो मांडला. शिक्षक विद्यार्थ्याशी खरेपणाने वागतो, त्याचा माणूस म्हणून स्वीकार करतो आणि त्याच्या जागी उभे राहून त्याचे मन जाणतो, तेथे शिक्षण रुजते, असे त्यांचे प्रतिपादन. पण त्यापूर्वी 114 वर्षे, म्हणजे 1855 साली, फुले दांपत्याच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या कोवळ्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विचार करा, त्या शाळेत मुलीला केवळ बाराखडी शिकवली असती तर हा निबंध लिहिला गेला असता काय? तेथे तिच्या संतापाला आणि दुःखाला जागा होती. वर्गात मुलाचे दुःख शब्दांत उतरू देणे म्हणजेच त्याचा भावनिक विकास होऊ देणे.

बाबासाहेबांनी औरंगाबादच्या आपल्या महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव दिले. मिलिंद हा भिक्खू नागसेनाला निर्भयपणे प्रश्न विचारणारा राजा. विद्यार्थ्याने प्रश्न विचारावा, हे त्या नावातच आले. त्याच महाविद्यालयाच्या आवारातून पुढे आपल्या साहित्याची एक पिढी लिहिती झाली.

आता आपल्या मुलांकडे पाहू. येथे वाढलेले मूल दोन घरांत वाढते आणि कोणतेही एक घर पूर्ण त्याचे नसते. 2017 च्या जुलैपासून कुटुंबीयांवर मासिक शुल्क लागू झाले. प्रत्येकी 100 रियालपासून ते 2020 पर्यंत 400 रियालांवर गेले. कितीतरी कुटुंबे मायदेशी परतली. शुल्काचा हिशेब आपण मांडला, पण शेजारच्या बाकावरचा मित्र एका सुट्टीनंतर परत आलाच नाही, त्याचा हिशेब मुलांनी कोणाकडे मांडला? बारावीनंतर अनेक मुले एकटी भारतातील वसतिगृहांत जातात. तेथे काही ठिकाणी आडनावापाठोपाठ गुणांची आणि प्रवेशाच्या प्रकाराची चौकशी होते. दिल्लीच्या एम्समधील अशा भेदभावाचा अहवाल प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीने 2007 साली दिला. भारतात 2022 या एका वर्षात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, असे सरकारी नोंद सांगते. मन मोकळे करण्याची सवय घरात लागली नसेल, तर ते मूल वसतिगृहातून फोनवर "सगळे ठीक आहे" एवढेच म्हणेल.

म्हणून माझ्या अल्प अनुभवातून तीन गोष्टी सुचवतो. पहिली, मूल शाळेतून आले की गुणांच्या आधी दिवस कसा गेला ते विचारावे आणि उत्तर संपेपर्यंत उपदेश करू नये. दुसरी, वारंवारच्या पोटदुखीची वा डोकेदुखीची तपासणी जरूर करावी, पण ती निर्दोष आल्यावर मुलाला खोटारडे ठरवू नये. समुपदेशकाकडे जाण्यात कमीपणा नाही. भारतात शिकणाऱ्या मुलांना 14416 हा टेलि-मानस सेवेचा क्रमांक आजच द्यावा. तिसरी, आपल्या संस्थेने मुलांसाठी महिन्यातून एक सभा घ्यावी, जेथे मुले बोलतील आणि आपण ऐकू.

या सभास्थानापासून जवळच नसीफ यांचा जुना वाडा आहे. त्याच्या दारात एक कडुलिंब आहे. एके काळी जुन्या जेद्दात हे एवढे एकच झाड होते, असे सांगतात. ज्या गावात प्यायचे गोडे पाणी दुर्मीळ होते, तेथे कोणीतरी आपल्या वाट्यातले पाणी त्या रोपाला घातले असणार. साताऱ्यात एक मूल पाण्यासाठी शिपायाची वाट पाहत होते. आपल्या घरातील मुलाला तशी वाट पाहावी लागू नये.

माझा मुलगा आता नोकरी करतो. तो डॉक्टर झाला नाही. गेल्या 14 एप्रिलला त्याने आपणहून फोन केला आणि बाबासाहेबांचे कोणते पुस्तक आधी वाचावे, असे विचारले. त्याच्या आवाजात भीती नव्हती. मला मिळालेला हा सर्वांत मोठा निकाल आहे.

जय भीम! जय भारत!