घराचे कर्ज आणि सरकारी तिजोरी



बडोद्याच्या उत्तरेकडील समा या भागात गेल्या काही वर्षांत पुष्कळ नवी घरे उठली. त्यांपैकी अनेक कर्जावर उभी आहेत. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घराचे दस्तऐवज बँकेत असतात आणि घरधन्याचा जीव व्याजदरात अडकलेला असतो.

१ सप्टेंबर २०२४ रोजी प्रधानमंत्री आवास योजनेचा दुसरा शहरी टप्पा सुरू झाला. वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असल्यास पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के व्याजसाहाय्य मिळते. पाच वार्षिक हप्त्यांत मिळणारी ही रक्कम १ लाख ८० हजारांहून अधिक नसते. मात्र त्या तारखेपूर्वी मंजूर झालेल्या कर्जांना ही सवलत नाही. 'मग आम्ही काय पाप केले?' असे जुन्या कर्जदाराने विचारले, तर त्याचा राग समजण्याजोगा आहे.

परंतु हिशेब पाहू. एक लाख जुन्या कर्जदारांना एवढेच साहाय्य द्यावयाचे, तर १,८०० कोटी रुपये लागतील. दहा लाखांना १८,००० कोटी. ही रक्कम करांतून येईल, नव्या सरकारी कर्जातून येईल, किंवा दुसऱ्या एखाद्या खर्चाला कात्री लावून येईल. साबण व काडेपेटीवर कर भरणारा भाडेकरूही त्यात आपला वाटा देईल, आणि त्याला तर स्वतःचे छप्परही नाही.

याहून स्वस्त असा एक मार्ग आहे, तो म्हणजे कर्ज कमी व्याजाच्या बँकेत नेणे. २० लाखांचे कर्ज २० वर्षांसाठी साडेनऊ टक्क्यांनी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे १८,६४० रुपये होतो. साडेआठ टक्क्यांनी तो १७,३६० च्या आसपास येतो. महिन्याला जवळजवळ १,३०० रुपयांची ही बचत पुऱ्या मुदतीत ३ लाखांवर जाते. म्हणजे ती सरकारी साहाय्याहूनही मोठी ठरते!

यात तिजोरीला काहीच तोशीस नाही, असे मात्र नव्हे. सरकारी बँकांचे व्याज घटले, तर सरकारला मिळणारा लाभांशही घटू शकतो. उलट, आयकराच्या जुन्या पद्धतीत व्याजावर २ लाखांपर्यंत वजावट मिळते. व्याज कमी झाले की ती वजावटही कमी होते आणि काही महसूल परत येतो. थेट अनुदानापुढे हा भार हलकाच आहे.

बदलत्या दराच्या गृहकर्जाची मुदतपूर्व फेड करणाऱ्याकडून बँकांनी दंड घेऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्ये ठरविले. दर बदलताना हप्ता वाढवावा की मुदत, याची निवड कर्जदाराला द्यावी, असेही तिने १८ ऑगस्ट २०२३ रोजी बँकांना बजावले. तरीही प्रक्रियाशुल्क, मुद्रांकशुल्क आणि कागदपत्रांची यातायात उरतेच. जुन्या कर्जदारासाठी सरकारने आधी ही वाट मोकळी करावी.

बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्च मोजावा, असा दृष्टान्त शुभवर्तमानात आहे. घर बांधणाऱ्याला तो लागू आहे, तसाच अर्थसंकल्प बांधणाऱ्यालाही. व्याजाचे ओझे हलके झालेच पाहिजे. पण ते ज्याच्या डोक्यावर मुळात छप्परच नाही, त्याच्या खांद्यावर जाऊ नये.