घरच्या चित्रफिती आणि त्यांचे रूपांतर



लोणावळ्याची चिक्की आपण सगळ्यांनीच खाल्ली आहे. घरी आणलेला खोका उघडावा आणि आत चिक्कीऐवजी फुटाणे निघावेत, असे सहसा घडत नाही. संगणकावरच्या चित्रफितींच्या बाबतीत मात्र ते रोज घडते. खोक्यावर नाव एक आणि आत माल भलताच! आज त्याविषयीच थोडे बोलणार आहे. मी मराठी शिकवणारा माणूस, यंत्रविद्येचा नव्हे. तेव्हा जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

भाद्रपदातली गोष्ट. नाणे मावळातल्या एका शाळेच्या बाई माझ्याकडे पेन ड्राइव्ह घेऊन आल्या. गावातल्या दोन आजींना त्यांनी जात्यावर बसवून ओव्या म्हणायला लावल्या होत्या आणि भाच्याचा महागाचा फोन मागून आणून ते सारे टिपले होते. शाळेच्या कार्यक्रमासाठी त्याची वीस मिनिटांची चित्रफीत करायची होती.

"सर, फोनवर दिसतं, संगणकावरही दिसतं. पण कापायला घेतलं की सॉफ्टवेअर म्हणतं, ही फाईल उघडता येत नाही."

"मग तुम्ही काय केलंत?"

"फाईलच्या नावापुढे एमओव्ही होतं, ते खोडून एमपी-फोर लिहिलं."

म्हणजे बाईंनी खोक्यावरची चिठ्ठी तेवढी बदलली होती. आतली चिक्की होती तशीच!

हे जरा नीट पाहू. एमओव्ही, एमपी-फोर, एव्हीआय, एमकेव्ही हे सगळे नुसते खोके. आत चित्र आणि आवाज कोणत्या रीतीने दाबून भरले आहेत, ती गोष्ट वेगळी. २००३ साली ठरलेली एच-२६४ नावाची रीत आज बहुतेक सगळ्या यंत्रांना कळते. २०१३ साली तिची धाकटी बहीण आली, एच-२६५. ती जागा पुष्कळ वाचवते, म्हणून नवे फोन तिच्यावर खूश असतात. पण ती उलगडायला संगणकाला कष्ट पडतात आणि काही सॉफ्टवेअरना ती मुळीच कळत नाही.

कष्ट का पडतात? या दोन्ही रीतींत प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेले नसते. एक चित्र पूर्ण, आणि पुढच्या कितीतरी चित्रांत फक्त काय बदलले याची नोंद. नुसते पाहायचे असेल तर पुढेपुढे जात राहिले की झाले. पण संकलन करणारा मधेच बोट ठेवतो आणि म्हणतो, इथे काप. मग संगणकाला मागच्या पूर्ण चित्रापर्यंत जाऊन सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. एच-२६५चा हिशेब जास्त किचकट, म्हणून जुना संगणक तिथे धापा टाकतो.

उपाय दोन. आतला माल सॉफ्टवेअरला चालण्यासारखा असेल आणि खोकाच नको असेल, तर माल उचलून दुसऱ्या खोक्यात ठेवावा. एफएफएमपेग नावाच्या फुकट मिळणाऱ्या साधनाने हे होते आणि चित्राला धक्का लागत नाही. जुन्या हँडीकॅमच्या एमटीएस फाइलींना बहुधा एवढेच पुरते. दुसरा उपाय म्हणजे चिक्की वितळवून नव्या साच्यात ओतणे. हे खरे रूपांतर. पण गूळ दर वेळी वितळवला की चव थोडी उतरतेच. म्हणून रूपांतर एकदाच करावे, मूळ फाइलीवरूनच करावे, आणि मूळ फाईल पुसू नये.

नेमके इथेच बाईंचे चुकले होते. कुठलेसे रूपांतराचे साधन वापरून त्यांनी तीनपैकी एका फाइलीचे अगदी लहान रूप करून घेतले, आणि फोनमध्ये जागा नाही म्हणून मूळ पुसून टाकले. लहान रूपात आजींचा चेहरा म्हणजे नुसते चौकोनी डाग. आणि त्या दोघींपैकी थोरल्या आजी आषाढातच गेल्या होत्या. पुन्हा बसवून गाऊन घ्यावे म्हटले, तर आता कोणाला बसवणार?

मी बाईंना काय बोलणार? माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट होती. तिची डीव्हीडी करून आणली आणि कॅसेट मीच माळा आवरताना टाकून दिली. पुढे त्या तबकडीवर ओरखडे पडले. वडिलांची मंगलाष्टके तिसऱ्या कडव्याला अडकतात, ती अडकतातच. ज्यांच्या घरी अशा कॅसेटी अजून असतील त्यांनी एवढे करावे: आपल्याकडच्या पावसात फितीला बुरशी धरते. पांढरे ठिपके दिसले तर ती यंत्रात घालू नये, जाणत्याकडून साफ करून घ्यावी. आणि फार थांबू नये. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने ते काम २०१६ सालीच बंद केले.

बाईंच्या उरलेल्या दोन फाइली आम्ही हँडब्रेक नावाच्या साधनात घातल्या. हेही फुकट मिळते. खोका एमपी-फोर, रीत एच-२६४, दर्जाचा आकडा १८ (हा आकडा जितका लहान तितके चित्र चांगले, आणि फाईल मोठी). झाले म्हणून लावून पाहिले, तर सुरुवातीला सगळे जुळते आणि दहाव्या मिनिटाला आजींचे ओठ एकीकडे आणि ओवी दुसरीकडे!

पुष्कळ शोधल्यावर उलगडा झाला. चित्रण पहाटेचे, चुलीशेजारचे. उजेड कमी झाला की फोन सेकंदाला ३० चित्रे घेण्याऐवजी कमी घेतो, म्हणजे प्रत्येक चित्राला जास्त प्रकाश मिळतो. गती अशी कमीजास्त होते. संकलनाची अनेक सॉफ्टवेअर मात्र ती एकसारखीच आहे असे धरून चालतात. हँडब्रेकमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' अशी एक खूण आहे. ती करून, अर्थात मूळ फाइलीवरूनच, पुन्हा रूपांतर केले. मग जात्याचा खुंटा आणि ओवीचा ठेका शेवटपर्यंत एकत्र फिरले.

शिक्षक मंडळींना आणखी एक सांगतो. असे काही व्हॉट्सअॅपवरून पाठवायचे तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावे. व्हिडिओ म्हणून पाठवले की ते आपणहून दाबून लहान केले जाते.

ओव्यांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी मुळशीसारख्या डोंगरी मुलखापासून हिंडून, सहकाऱ्यांसह एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. बर्नार्ड बेल यांनी त्या संगणकावर आणल्या. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या वाचता येतात, कित्येक ऐकताही येतात. ध्वनिमुद्रणे जपून ठेवली होती, म्हणून पुढे त्यांची नवी रूपे करता आली.

बाईंची चित्रफीत दिवाळीनंतर शाळेच्या भिंतीवर दाखवली. थोरल्या आजींचा तो डागाळलेला तुकडाही तिच्यात ठेवला. चित्र काळे करून नुसता आवाज. धाकट्या आजी पुढच्या रांगेत होत्या. सगळे संपल्यावर त्या बाईंना म्हणाल्या, "जातं बरं फिरतंय गं, पण माझा पदर सारखा घसरतोय तेवढा काढून टाक की!"