माळवदावरची माती

(दहावी १९९७ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं मनोगत)



सकाळपासून आपण एकेक जण ओळख करून देतोय. कुणी डॉक्टर झालं, कुणी वाळूजला कारखाना काढला, कुणाचं लासूरला मोठं दुकान आहे. माझी पाळी आली तेव्हा "सॉफ्टवेअर इंजिनिअर, पुण्यात असते" एवढं बोलून मी खाली बसले. तेवढ्यात पहिल्या रांगेतून गणिताच्या बाईंनी विचारलं, "अगं, पण तू बनवलंस काय?"

बाई, तुमच्या प्रश्नाला मी वर्गातही अशीच गप्प व्हायचे. आता उत्तर देते. वीस वर्षांत मी नवीन असं फारसं काही बनवलेलं नाही. मी दुरुस्त्या करते.

आमचं इथलं जुनं घर धाब्याचं होतं. मृग लागायच्या आधी आजोबा माळवदावर चढायचे, जुनी माती उकरायचे, पांढरी माती पसरून चोपायचे, पन्हाळी मोकळ्या करायचे. दर वर्षी हेच. मी एकदा विचारलं, "आजोबा, हे संपणार कधी?" ते म्हणाले, "घर सोडू तेव्हा." माझं कामही याच जातीचं आहे.

संगणक सुरू केल्यावर आतली सगळी यंत्रणा जी सांभाळते, तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. लिनक्स ही त्यातली एक. लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा गाभा लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला ठेवला. कुणीही तो वाचावा, वापरावा, सुधारावा. आज त्यात तीन कोटींहून अधिक ओळी आहेत. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात तोच गाभा आहे. मला तो पहिल्यांदा भेटला कॉलेजात, 'पीसीक्वेस्ट' मासिकासोबत आलेल्या सीडीतून.

दर नऊ-दहा आठवड्यांनी या गाभ्याची नवी आवृत्ती येते. जुन्या आवृत्त्यांनाही जवळपास दर आठवड्याला दुरुस्त्या मिळतात. त्यातल्या बहुतेक अगदी किरकोळ असतात. कुठे एक अट चुकलेली, कुठे घेतलेली जागा परत करायची राहिलेली. प्रत्येक दुरुस्तीसोबत ती का केली ते लिहावं लागतं, खाली नाव घालावं लागतं. दोष ज्याने कळवला त्याचंही नाव तिथे येतं. ही पद्धत मला फार आवडते.

आता माझी एक फजिती सांगते. मी नोकरीला नवीन होते. अशाच एका खुल्या प्रणालीतल्या एका मराठी फॉन्टबद्दल तक्रार आली, की 'शेतकऱ्यांना' हा शब्द 'शेतकर्यांना' असा दिसतो. मराठीच्या बाईंनी आपल्याला 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' यांतला फरक शिकवला होता, आठवतंय? एक स्वयंपाकी, दुसरे विद्वान! कारण साधं होतं. हा अर्धा र संगणकात दोन पद्धतींनी लिहिला जातो. फॉन्टला त्यातली एकच ठाऊक होती. मी उत्साहाने नियम लिहिला, दोन शब्द तपासले, पाठवून दिला.

आठवड्याभरात एका शिक्षकांचं पत्र आलं. "ताई, शेतकरी सुधारले, पण आता आमचं कार्यालय 'काऱ्यालय' झालं आणि सूर्याचा 'सूऱ्य' झाला." माझा नियम इतका सैल होता की त्याने सरसकट सगळे रफार पळवले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही. मनात येत होतं, कुठल्यातरी शाळेत या अक्षरांची प्रश्नपत्रिका छापली गेली असेल तर? दुसऱ्या दिवशी आधी माझी दुरुस्ती मागे घेतली, मग नीट केली. आणि पन्नासएक शब्दांची यादी करून ठेवली. तेव्हापासून त्या फॉन्टला कुणीही हात लावला की ते सगळे शब्द आपोआप तपासले जातात. माझ्या कामातली मला सर्वांत अभिमानाची गोष्ट विचाराल, तर ती यादी.

काही दुरुस्त्या तर घडायच्या आधीच कराव्या लागतात. पुष्कळ जुन्या संगणकांत वेळ म्हणजे १ जानेवारी १९७० पासून मोजलेले सेकंद. ते ठेवायला जागा आहे ३२ बिटांची. ती १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरेल. पुढच्या सेकंदाला तारीख जाईल थेट डिसेंबर १९०१ मध्ये. त्या दिवशी मंगळवार आहे आणि आपण सगळे साठीच्या जवळ असू. हे टाळायला जगभरचे लोक कित्येक वर्षं राबताहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन या लिनक्सची नवी आवृत्ती आली, तिच्यात जवळपास सगळीकडे ही जागा ६४ बिटांची केली आहे. काम नीट झालं तर २०३८ साली काहीच होणार नाही आणि कुणाला काही कळणारही नाही.

आणि कामाकडे कुणी लक्ष दिलं नाही तर काय होतं, तेही सांगते. 'एक्सझेड' नावाचं फायली दाबून लहान करणारं एक साधन जगभरच्या लिनक्समध्ये असतं. ते मुख्यतः एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता आणि थकला होता. एकाने "मी मदत करतो" म्हणत दोनेक वर्षं विश्वास कमावला आणि आत चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये तो सापडला, कारण आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात शिरायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं आणि त्याने ते सोडून दिलं नाही. त्या थकलेल्या माणसाचा मी अनेकदा विचार करते. त्याला वेळेवर खरे चार हात मिळाले असते तर?

म्हणूनच एक विनंती आहे. आपल्या तुकडीने शाळेला नवे संगणक द्यायचे आणि दारावर आपल्या नावाची पाटी लावायची, असं कालपर्यंत ठरत होतं. काल संध्याकाळी मी संगणकाची खोली बघून आले. तिथे आधीच्या एका तुकडीने दिलेले बारा संगणक आहेत. चालू पाच. उरलेल्या सातांपैकी किमान चार धूळ झाडून, एखादा भाग बदलून आणि हलकं लिनक्स टाकून उभे राहतील असं मला वाटतं. आपण नवे बारा दिले तर पाचेक वर्षांनी तेही तिथेच पडून असतील. त्यापेक्षा जमलेले पैसे दरवर्षीच्या देखभालीला बाजूला ठेवू. दिवाळीत आणि मे महिन्यात दोन-दोन दिवस मी येईन आणि नववीची मुलं सोबत घेईन. मी नसेन तेव्हा ती करतील. याला पाटी लागणार नाही, हे आधीच सांगते.

बाई, काय बनवलंस याचं उत्तर एवढंच आहे. पुढच्या मेळाव्याला ते संगणक चालू दिसले तर थोडे मार्क द्या.

उद्या सकाळी नऊला मी त्या खोलीत असेन. स्क्रूड्रायव्हर आणलाय. ज्यांची गाडी दुपारची आहे त्यांनी यावं. येताना एक जुनं फडकं आणा.