भाव विचारणारें यंत्र

जुन्या मुंबईच्या बाजारांत ‘तेजी’ आणि ‘मंदी’ हे शब्द केवळ भावाच्या चढउताराचे नव्हते. एका प्रकारच्या सौद्यांचींहि तीं नांवें होतीं. थोडा नजराणा द्यावयाचा आणि त्याच्या मोबदल्यांत ठराविक मुदतींत ठराविक भावानें माल घेण्याचा किंवा देण्याचा हक्क मिळवावयाचा, असें त्यांचें स्वरूप असे. हक्क बजावणें न बजावणें ज्याच्या त्याच्या मर्जीवर; नजराणा मात्र परत मिळत नसे. १९५६ च्या कायद्यानें रोख्यांतील असे सौदे बेकायदा ठरले. १९९५ सालीं ती बंदी उठली, आणि २००१ च्या जूनमध्यें प्रथम निर्देशांकावर व पुढील महिन्यांत निवडक कंपन्यांच्या शेअरांवर तेच सौदे ‘ऑप्शन’ या नांवानें मुंबईंत परत आले. अमेरिकेंत शिकागो येथें त्यांचा स्वतंत्र बाजार १९७३ सालींच १६ कंपन्यांच्या शेअरांवर सुरू झाला होता.

हा सौदा कसा चालतो हें एका कल्पित उदाहरणानें स्पष्ट होईल. अमेरिकेंतील एका कंपनीचा शेअर आज २०० डॉलरला आहे. एका गृहस्थानें तो महिन्याभरांत २०० डॉलरनें घेण्याचा हक्क, म्हणजे ‘कॉल’, शेअरमागें ५ डॉलर देऊन घेतला. तेथील रिवाजाप्रमाणें एक करार १०० शेअरांचा. म्हणून ५०० डॉलर गेले. मुदतीच्या दिवशीं भाव २१२ झाला, तर हक्काची किंमत १२०० डॉलर आणि नफा ७०० डॉलर. भाव २०० वर किंवा त्याखालीं राहिला, तर सर्व ५०० डॉलर बुडाले. विकण्याच्या हक्काला ‘पुट’ म्हणतात.

अशा हक्कांची संख्या मोठी असते. एकाच कंपनीच्या शेअरवर निरनिराळ्या मुदती, प्रत्येक मुदतीला डझनावारी ठरीव भाव, आणि प्रत्येक भावाला कॉल व पुट असे दोन करार. मोठ्या कंपनीच्या बाबतींत ही यादी हजारांच्या घरांत जाते. प्रत्येक ओळींत घेणाऱ्याचा भाव, देणाऱ्याचा भाव, शेवटच्या सौद्याचा भाव, दिवसाची उलाढाल, न मिटलेले करार आणि पुढें किती चढउतार होईल याचें बाजाराचें अनुमान. ही यादी डोळ्यांनीं चाळणें कंटाळवाणें. म्हणून हें काम अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ‘एजंटा’कडे सोंपविलें जाऊं लागलें आहे.

हा एजंट म्हणजे भाषा जाणणारा यांत्रिक मुनीम. त्याचें शिक्षण एका विशिष्ट तारखेपर्यंतच्या लिखाणावर झालेलें असतें. आज सकाळचा भाव त्या लिखाणांत असणें शक्य नाहीं. तरीहि भाव विचारला, तर तो कधीं कधीं सेंटांपर्यंत आंकडा सांगून मोकळा होतो. यांत लबाडीचा हेतु नसतो. अशा वाक्यांत अशा जागीं कोणते शब्द शोभतील एवढेंच तो पाहतो, आणि ‘४ डॉलर ८५ सेंट’ हे शब्द तेथें शोभून दिसतात. ज्या आंकड्यावर एखाद्या कुटुंबाची शिल्लक पणाला लागणार, तो नुसता शोभून दिसून भागत नाहीं.

यावर उपाय म्हणून मुनिमाच्या हातीं एक साधन दिलें जातें. साधनाबरोबर त्याच्या उपयोगाची चिठ्ठी असते: कंपनीचें नांव, मुदतीची तारीख, ठरीव भाव, आणि कॉल कीं पुट, एवढें कळवावें, त्या कराराची ओळ परत मिळेल. प्रश्न आला कीं एजंट ही मागणी लिहून देतो, दुसरा एक प्रोग्राम ती बाजारभाव पुरविणाऱ्या संस्थेकडे नेतो आणि उत्तर आणून देतो. मग आंकडा मुनिमाच्या कल्पनेंतून न येतां बाजाराच्या फळ्यावरून येतो. अशीं साधनें निरनिराळ्या एजंटांना एकाच रीतीनें जोडतां यावींत, यासाठीं अँथ्रॉपिक या कंपनीनें नोव्हेंबर २०२४ मध्यें ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ ही खुली नियमावली प्रसिद्ध केली.

परंतु फळ्यावरचा आंकडाहि फसवूं शकतो. फुकट मिळणारे भाव पुष्कळदां १५ मिनिटें मागचे असतात. ज्या कराराला गिऱ्हाईक थोडें, त्याचा ‘शेवटचा भाव’ काल किंवा परवाचा असूं शकतो. घेणारा ३ डॉलर आणि देणारा ५ डॉलर म्हणत असतां, मधल्या ४ डॉलरला सौदा होईलच असें नाहीं. चढउताराचें अनुमान तर बाजारांत कोणीं पुकारलेला भावच नव्हे. तें सूत्रानें काढलेलें गणित आहे. म्हणून चांगल्या साधनानें प्रत्येक आंकड्याबरोबर त्याची वेळ सांगावी, सौद्याचा भाव आणि गणिताचें फळ वेगवेगळें दाखवावें, आणि मागितलेला करार अस्तित्वांत नसेल तर जवळचा दुसरा पुढें न करतां ‘नाहीं’ असें स्पष्ट उत्तर द्यावें. आणखी एक मर्यादा हितावह आहे. भाव पाहण्याचें साधन आणि सौदा करण्याचा अधिकार यांत्रिक मुनिमाच्या एकाच हातीं देऊं नये. वाचनांतली चूक पुन्हा वाचून सुधारतां येते. सौद्यांतली चूक पैसे घेऊन जाते.

रोखे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या ‘सेबी’नें सप्टेंबर २०२४ मध्यें एक पाहणी प्रसिद्ध केली. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत शेअरांच्या वायद्यांत व ऑप्शनांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकीं ९३ टक्के व्यक्तींना तोटा झाला, असें तींत दिसून आलें. भाव पाहण्याची सोय त्यांच्याजवळ होतीच. साधन भाव आणून देईल, आणि चांगलें असेल तर त्याची वेळहि सांगेल. नजराणा बुडाला तर घरांतला कोणता खर्च थांबेल, हा रकाना मात्र त्याच्या यादींत नाहीं. तो प्रश्न सौद्यापूर्वीं घरांतल्या माणसांनींच एकमेकांना विचारावयाचा असतो.